कामाचं दुसरं टोक

सकाळी साडेदहाच्या सुमारास अंधेरी स्टेशनबाहेर डबे उतरायला लागतात. कुणाच्या सायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंनी लटकलेले, कुणाच्या कॅरिअरवर दोरीने बांधलेले. वर्सोवा, लोखंडवाला, जुहू, चकाला, मरोळ इथल्या स्वयंपाकघरांतून तासाभरापूर्वी निघालेले हे डबे फुटपाथवर मांडले जातात आणि पाहता पाहता त्यांची फेरवाटणी होते. ज्याने दारातून डबा उचलला त्याच्याकडे तो आता राहत नाही. चर्चगेटचे एका बाजूला, लोअर परळचे दुसऱ्या बाजूला असे गट पडतात. लांबट लाकडी क्रेटमध्ये तीस-चाळीस डबे बसतात. भरलेली क्रेट साठ किलोच्या घरात जाते. ती डोक्यावर घेऊन माणूस जिना चढतो आणि ठरलेल्या लोकलच्या लगेजच्या डब्यात शिरतो. गाडी थांबते ती काही सेकंद. तेवढ्यात सगळ्या क्रेट आत गेल्या पाहिजेत. मध्य रेल्वेवर मुलुंड, भांडुप, घाटकोपरकडच्या डब्यांचा प्रवासही असाच हातोहात होतो.

डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेल्या काही खुणा असतात. नमुन्यादाखल एक पाहू. एका कडेला ‘व्हीएलपी’ म्हणजे विलेपार्ले, जिथून डबा निघाला ते स्टेशन. शेजारी ‘ई’, म्हणजे पार्ल्यात तो डबा गोळा करणाऱ्याची खूण. मधोमध मोठा ‘३’, म्हणजे डबा जिथे उतरायचा तो भाग, समजा नरिमन पॉइंट. आणि दुसऱ्या कडेला ‘९ ईएक्स १२’: नऊ क्रमांकाचा डबेवाला, एक्सप्रेस टॉवर्स, बारावा मजला. रंग वापरात येण्याआधी हेच काम रंगीत दोरे आणि चिंध्या करत. झाकणावर खाणाऱ्याचं नाव नाही, फोन नंबर नाही, पिनकोड नाही. पण ही खूण वाचायला शिकलेल्या माणसाला तिच्यात एक घर, एक टेबल आणि एक जेवणाची वेळ दिसते. वाटेतल्या प्रत्येकाला खुणेतला फक्त आपल्यापुरता भाग वाचावा लागतो, तरी सगळ्यांना माहीत असतं की हे जेवण आहे आणि कुणीतरी एक वाजता त्याची वाट पाहणार आहे.

माणसाला आपल्या कामात अर्थ कशामुळे वाटतो, या प्रश्नावर मानसशास्त्रज्ञांनी आणि व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ लिहिलं. आवड, छंद, अंतःप्रेरणा असे शब्द त्यात वारंवार येतात. आवडीचं काम शोधा म्हणजे जन्म सार्थकी लागेल, असा सल्ला दहावीच्या निकालाच्या दिवसांत प्रत्येक व्यासपीठावरून दिला जातो. मला हा सल्ला अपुरा वाटतो. डबे वाहण्याची आवड घेऊन कुणी जन्माला येत नाही. तरीही या कामात अनेक माणसांनी उभं आयुष्य घातलं आणि ते मानाने सांगितलं. त्यांना काय मिळालं ते नीट पाहिलं तर उपनगरांतल्या इतर लाखो कामांत काय हरवलं आहे, तेही कळू लागतं.

डबेवाल्यांच्या कामाची सुरुवात १८९० ची, महादू हावजी बच्चे यांच्यापासून. १९५६ मध्ये त्यांचा धर्मादाय न्यास नोंदवला गेला. करोनापूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले रोज पावणेदोन ते दोन लाख डबे नेत-आणत असत. बहुतेक सगळे पुणे जिल्ह्यातल्या मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले. २० ते २५ जणांचा एक गट, त्यावर त्यांच्यातलाच एक अनुभवी मुकादम. गटात येणारा माणूस स्वतःची सायकल आणतो, पैसे घालतो आणि भागीदार होतो. महिन्याला जमलेले पैसे खर्च वजा जाता जवळजवळ सारखे वाटून घेतले जातात. नवं गिऱ्हाईक घ्यायचं की नाही, दर किती लावायचा, कुणाचा डबा बंद करायचा, हे गटच ठरवतो. डोक्यावर टोपी नसेल किंवा कामावर दारू प्यायलेला आढळला तर दंड होतो, आणि तो दंडही गटानेच ठरवलेला असतो. कुणी आजारी पडला तर त्याची लाइन दुसरा उचलतो, कारण त्याच्या लाइनवरचे डबे चुकले तर नुकसान सगळ्यांचंच.

बाहेरच्या जगाला या सगळ्यापेक्षा एका आकड्याचं जास्त आकर्षण वाटलं. १९९८ साली ‘फोर्ब्स’ मासिकात डबेवाल्यांवर लेख आला आणि तेव्हापासून ‘सिक्स सिग्मा’ प्रमाणपत्राची गोष्ट पसरली. दशलक्षावधी डब्यांमागे एक चूक, असा आकडा शाळेच्या निबंधांपासून कंपन्यांच्या सभांपर्यंत सगळीकडे फिरला. प्रत्यक्षात असं प्रमाणपत्र त्यांना कुणी दिलेलं नव्हतं; ती मासिकातल्या वर्णनाची वाढत गेलेली आवृत्ती होती. ही दंतकथा सोडून दिली तर काहीच बिघडत नाही, असं मला ठामपणे वाटतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या स्टीफन थॉम्की यांनी २०१० मध्ये या व्यवस्थेवर अभ्यास-प्रकरण लिहिलं तेव्हा त्यांचं लक्ष वेगळ्याच गोष्टींकडे गेलं होतं: लहान स्वयंशासित गट, लोकलच्या वेळापत्रकाने लावलेली शिस्त, साधी खूण आणि एकाच मुलुखातल्या, एकाच श्रद्धेच्या माणसांचा एकमेकांवरचा विश्वास.

श्रद्धेचा भाग नुसता सजावटीचा नाही. डबेवाले बहुतांशी वारकरी. आळंदीला त्यांनी धर्मशाळा बांधली. गावच्या जत्रेसाठी दर वर्षी एप्रिलच्या आसपास पाच-सहा दिवस सगळी सेवा बंद असते आणि गिऱ्हाइकं ते मान्य करतात. वारकरी परंपरेत देवासाठी काम सोडावं लागत नाही. अरणच्या सावता माळ्याला विठ्ठल मळ्यात भेटतो, तेरच्या गोरोबांना चिखल तुडवताना. भुकेल्याला अन्न पोचवणं हे पुण्य, असं एखादा डबेवाला म्हणतो तेव्हा ते भाषणासाठी घोकलेलं वाक्य नसतं. सातशे वर्षं त्याच्या घरात कामाकडे पाहायची हीच रीत चालत आली आहे. डब्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला माणूस त्याला त्यामुळे अधिकच स्पष्ट दिसतो.

‘दुसरं टोक’ हा या प्रकरणाचा मुख्य मुद्दा आहे. त्याला अभ्यासाचा आधारही भरपूर आहे.

अमेरिकेत एमी रेझनेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये १९६ नोकरदारांची पाहणी प्रसिद्ध केली. काही जण कामाकडे पगारापुरती नोकरी म्हणून पाहत होते, काही चढत्या पायऱ्यांची कारकीर्द म्हणून, तर काही जीवनकार्य म्हणून. गंमत अशी की एकाच हुद्द्यावर काम करणाऱ्या कार्यालयीन सहायकांमध्येही हे तिन्ही प्रकार जवळजवळ सारख्याच प्रमाणात निघाले. म्हणजे जीवनकार्य वाटायला डॉक्टर किंवा कलावंतच असावं लागतं, असं काही नाही. पुढे रेझनेस्की आणि जेन डटन यांनी रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांशी बोलून २००१ मध्ये जो लेख लिहिला, तो या विषयातला माझा सर्वांत आवडता. फरशी पुसणं, कचरा काढणं हे सगळ्यांचं ठरलेलं काम. काही जण तेवढंच करत आणि ते काम कंटाळवाणं आहे म्हणत. काही जण मात्र रुग्णांशी चार शब्द बोलत, भेटायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना वाट दाखवत, नर्सच्या कामाचा वेग पाहून आपल्या कामाचा क्रम बदलत. बेशुद्ध रुग्णांच्या वॉर्डात काम करणारी एक बाई भिंतींवरची चित्रं अधूनमधून बदलून लावत असे. तेवढ्या बदलाने रुग्णाच्या मेंदूला काही जाणवलं तर जाणवेल, या आशेने. तिच्या कामाच्या यादीत हे कुठेच नव्हतं. आपण माणूस बरा करण्याच्या कामात आहोत, असं ही माणसं मानत होती.

अॅडम ग्रँट यांचा २००७ चा प्रयोग आणखी सरळ आहे. एका विद्यापीठासाठी माजी विद्यार्थ्यांना फोन करून देणग्या मागणारे कर्मचारी होते. दिवसभर नकार ऐकायचे. त्यांतल्या एका गटाची, त्याच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी पाच मिनिटांची भेट घडवली. महिनाभराने पाहिलं तर या गटाचा फोनवरचा वेळ आणि जमवलेली रक्कम दोन्ही दुपटीहून जास्त झाली होती. पगार तोच, फोन तेच, यादी तीच. नंतर रायन ब्यूएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कॅफेटेरियात पडद्यांची सोय करून स्वयंपाक्यांना जेवणारी माणसं दिसतील अशी व्यवस्था केली. नुसत्या त्या दिसण्याने जेवणाऱ्यांचं समाधान १० टक्क्यांनी वाढलं. दोघांना एकमेकं दिसू लागल्यावर १७ टक्क्यांहून जास्त. आपल्याकडे पंगतीत वाढणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. ज्याच्या पानात आपण वाढतो त्याचा चेहरा समोर असतो.

आता अंधेरीतच दुसरीकडे जाऊ. १९७३ मध्ये मरोळला सीप्झ हे निर्यात क्षेत्र सुरू झालं. आधी इलेक्ट्रॉनिक्ससाठी, पुढे दागिन्यांसाठीही. त्याच्या फाटकातून रोज हजारो माणसं आत-बाहेर करतात. दागिन्यांच्या कारखान्यात एक कारागीर आठ तास डोळ्याला भिंग लावून बसतो आणि मुगाच्या दाण्याहून बारीक हिरे एकाच प्रकारच्या अंगठीच्या घरांत बसवत राहतो. चिमट्याने हिरा उचलायचा, घरात बसवायचा, सोन्याची नखं वाकवून तो धरायचा, बोटाने हलतोय का पाहायचं. काम अतिशय कौशल्याचं. पण ती अंगठी पुढे पॉलिशला जाते, मग तपासणीला, मग सीलबंद होऊन विमानाने बहुधा अमेरिकेला. ती कुणाच्या बोटात गेली, साखरपुड्याला की वाढदिवसाला, ते या माणसाला कधीच कळणार नाही. सुटताना अंगझडती होते, कारण सोन्याचा कण बाहेर जाता कामा नये. व्यवहार म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण रोज संध्याकाळी त्याच्या कामाबद्दल त्याला मिळणारा एकमेव निरोप हा असतो की तुझी तपासणी पूर्ण झाली, जा. कारागिरी अंगात असूनही कामात जीव रमत नाही असं अशी माणसं सांगतात तेव्हा त्याचं कारण त्यांच्या स्वभावात शोधणं हा अन्याय आहे.

मालाड-गोरेगावच्या काचेच्या इमारतींतल्या कार्यालयांनाही थोड्याफार फरकाने हे लागू पडतं. पगार बरा, वातानुकूलन आहे, आणि दिवसभर पडद्यावर येणाऱ्या अर्जांवर, दाव्यांवर, तक्रारींवर शिक्के मारायचे. त्या अर्जामागचा माणूस दिसू नये अशीच कामाची रचना केलेली असते.

जेवण घरपोच आणणाऱ्या मोटारसायकलवाल्या पोरांचं उदाहरण तर डबेवाल्याच्या अगदी शेजारचं. अन्न तेच, रस्ते तेच, पावसाळाही तोच. पण डबेवाला वर्षानुवर्षं त्याच दारात उभा राहतो. आज भाजी उशिरा झाली, थांबा पाच मिनिटं, असं त्याला सांगता येतं आणि रोज पाच मिनिटं थांबता येणार नाही असं त्यालाही सांगता येतं. अॅपवर काम करणाऱ्या मुलाला दर वेळी नवं दार, नवी लिफ्ट, नवा वॉचमन. अनेक सोसायट्यांत त्याला रहिवाशांची लिफ्ट वापरू देत नाहीत. त्याचं काम कसं झालं हे तारे सांगतात, चेहरा सांगत नाही. पुढची ऑर्डर त्याला का मिळाली किंवा का मिळाली नाही, हे तो कुणालाही विचारू शकत नाही. नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात देशात अशा गिग कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज दिला. एवढ्या माणसांच्या कामातून ओळख आणि निर्णय दोन्ही काढून घेतले जात असतील तर त्यांना आवडीचं काम शोधा म्हणून सांगण्यात काय हशील?

निर्णय आणि वाटा यांचा मुद्दा डबेवाल्यांपुरता नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत उभी राहिली. उपनगरात मालाडला १९६१ मध्ये शाखा काढायचा पहिला प्रयत्न फसला होता, तरी पुढे शाखा देशभर पसरल्या. पद्धत साधी आहे. सकाळी केंद्रावर उडदाचं पीठ मळलं जातं, बायका मळलेलं पीठ तोलून घरी नेतात, पोळपाटावर लाटतात, सुकवतात आणि दुसऱ्या दिवशी पापड जमा करून मजुरी घेतात व नवं पीठ नेतात. पापडाची जाडी आणि व्यास ठरलेला, तपासणारीही त्यांच्यातलीच. इथे प्रत्येक सभासद भगिनी म्हणजे संस्थेची सहमालक, नफ्यातोट्याची भागीदार. लाटणं हे काही जगावेगळं काम नव्हे, घरोघरी बायका तेच फुकट करत आल्या. संस्थेने केलं ते इतकंच की त्या कामाचा हिशोब लिहिला, त्याचे पैसे बाईच्या हातात दिले आणि मालकीत तिचं नाव घातलं. कित्येक घरांतल्या मुलांच्या शाळेच्या फिया या पैशांतून गेल्या. अशा बाईला पापडाचं दुसरं टोक शोधायला बाजारात जावं लागत नाही; ते तिच्या घरातच वह्या घेऊन बसलेलं असतं.

कामाचा अर्थ हा विषय पुस्तकांत फार गोड करून सांगितला जातो, म्हणून त्याची दुसरी बाजू इथे सविस्तर मांडणं मला गरजेचं वाटतं. २००९ मध्ये स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्पसन यांनी अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत प्राण्यांची निगा राखणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक जण पदवीधर, पगार तुटपुंजा, काम पिंजरे धुण्याचं आणि खाणं घालण्याचं. तरी अनेकांना वाटत होतं की आपण यासाठीच जन्मलो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जखमी बिबट्याची महिनोन्‌महिने शुश्रूषा करणारी माणसं ज्यांनी पाहिली असतील त्यांना ही ओढ लगेच कळेल. अभ्यासकांना दिसलं ते असं की ज्यांना कामात जितका खोल अर्थ वाटतो, ते तितका जास्त त्याग करायला तयार होतात आणि व्यवस्थापन याचा फायदा घेईल अशी शंकाही त्यांनाच जास्त छळते. ती शंका निराधार नाही. २०२० मधल्या दुसऱ्या एका संशोधनात आढळलं की एखाद्याला काम मनापासून आवडतं हे कळलं की त्याला जादा, बिनपगारी काम सांगणं इतरांना गैर वाटेनासं होतं.

आपल्याकडे याचं नाव आहे मानधन. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून अंगणवाडी सेविका सहा वर्षांखालच्या मुलांची वजनं घेते, पोषण आहार देते, गरोदर बाईच्या घरी जाते, लसीकरणाला मुलं गोळा करते, नोंदवह्या आणि आता मोबाइलवर माहितीही भरते. घाटकोपर-विक्रोळीच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांत शंभर-दीडशे पायऱ्या चढून हे काम चालतं. तिला दुसरं टोक दिसतं, अगदी रोज दिसतं. कमी वजनाचं पोर दोन महिन्यांत धरू लागलं की सगळ्यात आधी तिला कळतं. कामात अर्थ असण्याच्या सगळ्या अटी इथे पुऱ्या होतात. पण सरकारच्या लेखी ती कर्मचारी नाही. मानसेवी आहे. तिला मिळतो तो पगार नव्हे, मानधन. २००५ नंतर आलेल्या आशा स्वयंसेविकांचंही तेच. करोनाच्या काळात दारोदार फिरलेल्या आशांचा मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरव केला. तो योग्यच होता. पण गौरवाने वीजबिल भरता येत नाही. डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस जवळजवळ दोन महिने संपावर होत्या, तेव्हा तुम्ही तर सेवा करता, मग संप कसा करता, असा सूर निघाला. ज्यांनी तो काढला त्यांना सेवा या शब्दाआड किती मजुरी दडवली गेली आहे याचा हिशोब दाखवायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी अंगणवाडी सेविका आणि मदतनीसांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला, तेव्हा त्यांच्या कामाला प्रथमच नोकरीचं थोडंसं रूप आलं.

सगळ्यात अवघड उदाहरण रस्ते झाडणाऱ्यांचं आणि कचरा उचलणाऱ्यांचं आहे. त्यांच्या कामाला दुसरं टोकच नाही. डबा पोचला की पोचला; रस्ता झाडून झाला तरी दुपारपर्यंत पुन्हा तसाच. काम उत्तम झालं की ते कुणाच्या लक्षात येत नाही, चुकलं की सगळ्यांच्या येतं. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला जात आला. मुलुंडचं क्षेपणभूमीचं मैदान अनेक दशकं भरत राहिलं आणि २०१८ मध्ये बंद झालं. मुलुंड पूर्वेच्या रहिवाशांनी त्या वासाविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रारी केल्या आणि त्या रास्त होत्या. त्याच वासात गाडीच्या मागे उभं राहून जाणाऱ्या माणसाची तक्रार मात्र ऐकायची सोय नव्हती, कारण तो महापालिकेचा माणूसच नव्हता. तो कंत्राटदाराचा होता, कधी एखाद्या संस्थेचा ‘स्वयंसेवक’ होता. कंत्राट बदललं की कागदावर तो नव्याने कामाला लागे, मग दहा वर्षं त्याच गल्लीत झाडू मारलेला असो. कचरा वाहतूक श्रमिक संघाने मिलिंद रानडे यांच्या नेतृत्वाखाली या माणसांना एकत्र केलं. सुरुवातीच्या मागण्या पाहिल्या तर मन विषण्ण होतं: प्यायला पाणी, हात धुवायला जागा, हातमोजे, बूट, किमान वेतन. बऱ्याच वर्षांच्या न्यायालयीन लढाईनंतर ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश कायम ठेवला. तोवर त्यांतले काही जण हयात राहिले नव्हते.

अशा माणसाला कामाबद्दल आपुलकी कुठून मिळते? काहींना ती गल्लीतून मिळते. चहाची टपरी, शाळेत जाणारी मुलं, सणाला हातात पाचशेची नोट देणाऱ्या आजी, अशा ओळखी तयार होतात. काहींना ती युनियनमधून मिळते. आपल्या लढ्यामुळे सत्तावीसशे कामगार कायम झाले हे सांगताना बैठकीतला आवाज वेगळाच असतो. आणि अनेकांना मिळत नाही, हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे. तिथे अर्थ शोधा, दृष्टी बदला, असं सांगायला जाणं मला क्रूरपणाचं वाटतं. कारण हे काम कुणाच्या वाट्याला आलं याला इतिहास आहे. मुंबईतले बहुतेक सफाई कामगार दलित समाजांतले आहेत.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळाने होऊ न दिलेल्या भाषणात, या प्रश्नाला थेट हात घातला होता. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी आहे असं समर्थन तेव्हा केलं जाई. त्यांनी दाखवलं की ती श्रमिकांचीच विभागणी आहे. माणसाचा कल, शिक्षण, इच्छा यांचा विचार न करता जन्माने काम लादलं की त्या कामात त्याचं मनही नसतं आणि बुद्धीही नसते. मग त्यातून कार्यक्षमता तरी कशी यावी, असा त्यांचा सवाल होता. कामाच्या अर्थावरच्या आधुनिक पुस्तकांत हे भाषण क्वचितच उल्लेखलेलं असतं. माझ्या मते या विषयाची सुरुवातच तिथून व्हायला हवी. कामात अर्थ वाटण्याची पहिली अट म्हणजे ते काम नाकारता येणं.

ही अट आजही सगळ्यांसाठी पुरी झालेली नाही. मावळातल्या डबेवाल्याचा मुलगा बी. कॉम. होऊन चाकणच्या कारखान्यात किंवा पुण्याच्या कार्यालयात जातो आणि बाप ते आनंदाने सांगतो. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या, डबे बंद झाले, माणसं गावाकडे शेतीला परतली. त्यांतले बरेच पुन्हा आले नाहीत. १३० वर्षांची व्यवस्था आटते आहे याचं दुःख आपल्याला होतं, पण त्या मुलाला निवड होती हे विसरू नये. सफाई कामगाराच्या मुलाचं तसं नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. कुटुंब रस्त्यावर येऊ नये हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात महापालिकेची खोली नोकरीशी बांधलेली असते. बाप निवृत्त झाला किंवा वारला की घर राखायचं तर कुणीतरी झाडू हातात घ्यायचा. म्हणून चौकीवर सकाळी साडेसहाला मुकादम हजेरी घेतो तेव्हा त्या रांगेत पदवीधर असतात, पदव्युत्तर शिकणारेही असतात. दुपारी पाळी संपली की यांतले काही कॉलेजला, काही स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जातात. लिपिकाच्या जागेसाठी खात्यांतर्गत परीक्षा निघाली की ते अर्ज भरतात. नोकरी सुटली तरी घर राहील अशी तरतूद त्यांना हवी आहे, आणि ही मागणी ते युनियनच्या सभांमध्ये आता मोठ्याने करू लागले आहेत.